उणे 110 अंशांत तीन मिनिटं: होल बॉडी क्रायोथेरपीनं शरीरात नेमकं काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 46, आठवड्यातून तीन दिवस धावणं, रक्तदाबाची एक गोळी चालू, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, झोप तुटक. घराजवळच्या वेलनेस सेंटरनं क्रायोथेरपीच्या, म्हणजे अतिथंड हवेत दोन-तीन मिनिटं उभं राहण्याच्या, दहा सत्रांचं पॅकेज देऊ केलंय. दुखणं, थकवा, झोप, मूड, वजन, त्वचा, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर गुण येतो म्हणतात. घ्यावं का?

आधी उत्तर सांगतो. काही तासांपुरतं दुखणं हलकं होणं आणि मनाला तरतरी येणं, एवढं बऱ्याच जणांना खरोखर मिळतं. वजन उतरणं, त्वचा तरुण होणं, प्रतिकारशक्ती वाढणं, गुडघ्यातली झीज भरून येणं यांतलं काही पैसे मोजण्याइतकं सिद्ध झालेलं नाही. रक्तदाबाची गोळी चालू असताना तर यंत्राच्या आधी स्वतःच्या आकड्यांची आणि त्या सेंटरची तपासणी करायला हवी.

सगळा घोळ 'उणे 110' या आकड्यानं केलाय. ऐकणाऱ्याला वाटतं की इतकी थंडी म्हणजे शरीर आतून गोठत असणार. पण ती थंडी हवेची आहे आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. 180 अंशांच्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घालता येतो, 100 अंशांच्या उकळत्या पाण्यात नाही. तोच हिशेब थंडीकडेही लागू. म्हणून कोरड्या हवेतली तीन मिनिटं माणूस सहन करतो, आणि म्हणूनच ती थंडी खोलवर पोचत नाही. त्वचेचं तापमान झपाट्यानं पडतं, दोन-तीन सेंटिमीटर आतल्या स्नायूचं एक-दीड अंशानं उतरतं, गाभ्याचं जवळपास तिथल्या तिथे राहतं.

गुडघ्यावरच्या त्वचेचं तापमान मोजून उणे 110 अंशांचा कक्ष आणि 8 अंशांचं पाणी यांची तुलना झालेली आहे. दोन्हीकडे चार-चार मिनिटं. बाहेर आल्या आल्या कक्षातून आलेल्यांची त्वचा जास्त थंड होती, पण दहा मिनिटांनंतर चित्र उलटलं आणि तासभर पाण्यात बसलेल्यांचीच त्वचा जास्त थंड राहिली. मज्जातंतूंचा वेग मंदावून दुखणं बधिर व्हायला त्वचा साधारण 13 अंशांखाली जावी लागते. तिथपर्यंत दोन्हींपैकी एकही पद्धत पोचली नाही. साधा बर्फ पोचतो. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषून घेतो, आणि तीही नेमक्या दुखऱ्या जागेवरून. एकाच गुडघ्याचा प्रश्न असेल तर ओल्या पातळ फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी 10 ते 15 मिनिटं ठेवणं हा जास्त सरळ उपाय आहे. जवळपास फुकट आहे, म्हणूनच कदाचित कोणी त्याचं पॅकेज विकत नाही.

मग लोकांना बरं का वाटतं? कारण खरा खेळ त्वचेतल्या संवेदनांचा आणि मज्जासंस्थेचा आहे. सगळ्या अंगाला एकदम थंडी लागली की सिम्पथेटिक यंत्रणा, म्हणजे संकटासाठी शरीराला सज्ज करणारी मज्जासंस्थेची बाजू, खडबडून जागी होते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त धडाकडे सरकतं, वरचा रक्तदाब चढतो, रक्तातलं नॉरॲड्रिनॅलिन हे सावध ठेवणारं संप्रेरक वाढतं. फिनलंडमध्ये स्त्रियांच्या छोट्या गटांवर 12 आठवडे प्रयोग झाला. एक गट आठवड्यातून तीनदा उणे 110 अंशांत दोन मिनिटं, दुसरा तेवढ्याच वेळा बर्फाळ पाण्यात. दोन्हींत नॉरॲड्रिनॅलिन दरवेळी दुप्पट-तिप्पट झालं, आणि शेवटच्या आठवड्यांतही प्रत्येक वेळी तेवढंच वाढलं. एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, वाढल्याचं मात्र दिसलं नाही. त्यामुळे माहितीपत्रकात 'एंडॉर्फिनचा पूर' असं छापलेलं असेल तर तिथेच थोडं सावध व्हा. बाहेर आल्यावर रक्त पुन्हा कातडीकडे धावतं, अंग गुलाबी पडतं, ऊब पसरते, आणि पुढची काही मिनिटं पॅरासिम्पथेटिक, म्हणजे शरीर शांत करणारी बाजू वरचढ होऊन नाडी मंदावते. ही सैलावल्याची भावना खरी आहे. तिला उपचार म्हणायचं की नाही, हा वेगळा प्रश्न.

या पद्धतीचा उगम पाहिला तर तिची जागा कळते. 1978 साली जपानमध्ये यामाउची या डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे आमवाताच्या रुग्णांसाठी ती सुरू केली. तिथून ती 1980 च्या दशकात जर्मनीत आणि 1989 मध्ये पोलंडमधल्या व्रॉत्सवाफला गेली. पोलंडमध्ये आजही ती पुनर्वसनाचा भाग म्हणून चालते. त्या पद्धतीत थंडी ही तयारी असते. कक्षातून बाहेर आलं की लगेच पाऊण ते एक तास फिजिओथेरपिस्टसमोर व्यायाम. दुखणं थोडं दबलेलं असतं, आखडलेपण कमी असतं, तेवढ्या वेळात सांधे हलवून घ्यायचे, स्नायूंना काम द्यायचं. सत्रं रोज, ओळीनं 10 ते 20. आपल्याकडच्या वेलनेस सेंटरमध्ये यातला थंडीचा भाग तेवढा उचललाय. शनिवारी तीन मिनिटं उभं राहायचं, सेल्फी काढायचा आणि कॉफी प्यायला जायचं. आठवड्यातून एकदा घेतलेल्या दहा सत्रांना तो अभ्यासक्रम म्हणता येणार नाही.

आता एकेक दावा.

आमवात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचे सांधे आखडणं) आणि फायब्रोमायाल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखणं) या आजारांत दुखणं आणि सकाळचं आखडलेपण काही तास, कधी काही आठवडे कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसतं. औषधं बंद करण्याइतका पुरावा कुठेच नाही. गुडघ्याच्या झिजेत कूर्चा परत येत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाढवणं आणि पोटाचा घेर असेल तर तो उतरवणं, हेच तिथे टिकणारे उपाय.

धावल्यानंतरचा थकवा हा तुमच्या कामाचा मुद्दा. फ्रान्समध्ये नऊ धावपटूंवर झालेल्या अभ्यासात चढउताराच्या धावेनंतर लगेच आणि पुढचे दोन दिवस सत्रं दिली, तेव्हा स्नायूंची ताकद लवकर परत आली. उलट मॅरेथॉन धावलेल्या 31 जणांवर तीन गटांत तुलना झाली: थंड पाणी, क्रायोथेरपी आणि नुसतं 'औषध' म्हणून दिलेलं पेय. स्नायूंच्या कामगिरीत क्रायोथेरपी थंड पाण्याच्या मागे पडली, आणि त्या पेयापेक्षाही दोन्ही सरस ठरली नाहीत. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात स्नायूदुखीवरचे निकषांत बसणारे अभ्यास सापडले अवघे चार, माणसं 64, त्यांत स्त्रिया फक्त चार. निष्कर्ष असा की पुरावा अपुरा आहे. शिवाय यात आंधळी चाचणी अशक्य. उणे 110 अंशांत उभं केलं की नाही हे माणसाला कळतंच. त्यामुळे 'मला बरं वाटलं' यातला किती भाग थंडीचा आणि किती अपेक्षेचा, हे वेगळं काढणं फार अवघड जातं.

जिममध्ये स्नायू वाढवायचे असतील तर आणखी एक गोष्ट. वजनं उचलल्यावर लगेच थंड पाण्यात बसण्याची सवय ठेवली तर काही आठवड्यांत स्नायूंची वाढ कमी भरते, हे दाखवलं गेलंय. क्रायोथेरपीत थंडी कमी खोल जाते म्हणून परिणाम सौम्य असेलही, पण व्यायामानंतर स्नायूंत उमटणारी प्रतिक्रिया हा वाढीचाच भाग असतो. ती दरवेळी दाबायची गरज नाही. स्पर्धा ओळीनं दोन दिवस असेल तर गोष्ट वेगळी.

मनःस्थितीवरचं काम मला इतर दाव्यांपेक्षा जास्त विचार करण्यासारखं वाटतं. व्रॉत्सवाफमध्ये नैराश्य आणि चिंतेचे विकार असलेल्या 26 जणांना औषधांच्या जोडीला तीन आठवडे 15 सत्रं दिली आणि 34 जणांच्या फक्त औषधांवरच्या गटाशी तुलना केली. सत्रं घेतलेल्यांची लक्षणं जास्त उतरली. पुढे त्याच शहरात यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणीही झाली आणि दिशा तीच राहिली. पण 'औषधांच्या जोडीला' हे शब्द सोडू नका. रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडणं, कोणीतरी विचारपूस करणं, एक अवघड गोष्ट पार पाडणं, याचाही त्यात वाटा असणारच. झोपेबद्दलही खेळाडूंवर थोडे बरे निकाल आहेत. तुटक झोप असलेल्या 46 वर्षांच्या माणसात मात्र आधी घोरणं, रात्रीचं मद्य, दुपारनंतरचा चहा-कॉफी आणि त्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ पाहावी. ज्या गोळीनं लघवी जास्त होते ती रात्री घेतली तर झोप तुटणारच.

वजनाचा दावा मात्र हिशेबानंच निकालात निघतो. एका सत्रात 500 ते 800 कॅलरी जळतात असं सांगितलं जातं. माणूस कुडकुडून कुडकुडून विश्रांतीच्या पाचपट उष्णता निर्माण करू शकतो. विश्रांतीत 80 वॉट धरले तर 400 वॉट. तीन मिनिटांत 72 किलोज्यूल, म्हणजे साधारण 17 किलोकॅलरी. नंतर गार पडलेली कातडी पुन्हा तापवायला लागणारी उष्णता सढळ हातानं धरली तरी बेरीज पन्नास-साठच्या पुढे नेणं कठीण. एका पोळीत याहून जास्त कॅलरी असतात.

आता यंत्राकडे येऊ, कारण धोका जास्त करून इथेच आहे. दोन प्रकार असतात. पहिला, विजेवर थंड होणारा बंद कक्ष. यात आधी उणे 60 अंशांची छोटी खोली, तिथे काही सेकंद, मग उणे 110 ची मुख्य खोली. डोकं आतच असतं, हवा श्वास घेण्याजोगी असते. दुसरा, उभ्या पिंपासारखा क्रायोसॉना. त्यात द्रवरूप नायट्रोजनची वाफ सोडतात आणि डोकं कडेच्या वर असतं. तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्याला 'होल बॉडी' म्हणताच येत नाही, पण स्वस्त पडतो आणि जागा कमी लागते म्हणून दुकानांत तोच दिसतो. यंत्राच्या पडद्यावरचा उणे 140 हा आकडा बहुधा वाफ आत येते तिथला असतो. त्वचेपाशी तेवढी थंडी नसते, आणि पायांना व छातीला सारखीही नसते.

द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो आणि एका लिटरचा सुमारे 700 लिटर वायू होतो. 3 बाय 4 मीटरची, 2.8 मीटर उंच खोली घ्या: साधारण 34 घनमीटर हवा. एका सत्राला 4 लिटर द्रव गेला आणि वाफ बाहेर काढायची सोय नसेल तर 2.8 घनमीटर नायट्रोजन त्या खोलीतच राहतो. ऑक्सिजन 20.9 टक्क्यांवरून 19.2 च्या आसपास येतो, आणि सुरक्षित मर्यादा 19.5 ची मानतात. हे झालं एका गिऱ्हाइकाचं, तेही वायू खोलीभर सारखा मिसळला असं धरून. प्रत्यक्षात गार वायू जड असतो, तो जमिनीलगत आणि पिंपाच्या आत साठतो, तिथे ऑक्सिजन कितीतरी कमी असतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. आणि गुदमरल्याची जाणीव शरीराला ऑक्सिजन कमी झाल्यानं फारशी होत नाही, ती होते कार्बन डायऑक्साइड साठल्यानं. तो तर उच्छ्वासातून नेहमीसारखा बाहेर पडत असतो. त्यामुळे माणूस धडपड न करता, काही कळायच्या आत कोसळतो. अमेरिकेत नेवाडा राज्यात 2015 मध्ये सेंटर बंद झाल्यावर एकटीच यंत्रात उतरलेली कर्मचारी दगावली. 2025 च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका जिममध्ये नायट्रोजनच्या गळतीनं कर्मचारीच मृत्युमुखी पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2016 मध्येच जाहीर केलं होतं की कोणत्याही आजारासाठी त्यांनी असं एकही यंत्र मान्य केलेलं नाही.

म्हणून सेंटरमध्ये पैसे भरायच्या आधी हे बघा. यंत्र विजेचं की नायट्रोजनचं? नायट्रोजनचं असेल तर खोलीत ऑक्सिजन मोजणारं, 19.5 टक्क्यांना वाजणारं यंत्र भिंतीवर आहे का, आणि ते चालू आहे का? आकडा दाखवायला सांगा. वाफ बाहेर फेकणारा स्वतंत्र पंखा हवा. बंद खिडक्यांचा एसी तीच हवा फिरवत राहतो. तळघरातला गाळा असेल तर सरळ परत फिरा. उभं राहायची पाटी वर-खाली होते का, म्हणजे तुमची हनुवटी कडेच्या वर राहील का? दार आतून ढकलून उघडतं का, कडी नाही ना? पूर्ण वेळ समोर उभं राहून तुमच्याशी बोलत राहणारं कोणी आहे का? ऑपरेटर मध्येच फोन घ्यायला जात असेल तर बाहेर पडा. काही खाली पडलं तर वाकून उचलायला जाऊ नका, कारण डोकं कडेखाली गेलं की पहिला श्वास नायट्रोजनचा असतो.

तुमच्या रक्तदाबाबद्दल. सत्रात वरचा आकडा दहा-वीसनं चढणं नेहमीचं, काहींत त्याहून जास्त. म्हणून सत्राआधी पाच मिनिटं बसून दाब मोजलाच पाहिजे. 160/100 किंवा वर असेल तर त्या दिवशी नाही. 140 च्या वरच रेंगाळत असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळी नीट बसवून घ्या. गोळीचं नाव माहीत हवं: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा बीटा ब्लॉकर गटातली असेल तर बोटांचा रक्तपुरवठा आधीच आखडलेला असू शकतो आणि हृदयाचा प्रतिसादही दबलेला असतो. डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय जाऊ नये. अम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टनवर दाब ताब्यात असेल तर अडचण कमी.

पुढच्या लोकांनी मात्र जाऊच नये: सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका आलेले, चालताना छातीत दुखणारे, पेसमेकर असलेले, पायात रक्ताची गुठळी झालेले, पायांच्या धमन्या अरुंद झालेले, थंडीत बोटं पांढरी पडणारे (रेनो), थंडीनं अंगावर पित्त उठणारे, क्रायोग्लोब्युलिनचा आजार (थंडीत रक्तातली प्रथिनं साकळणं) असलेले, फिट येणारे, गर्भवती, हिमोग्लोबिन खूप कमी असलेले, तापात असलेले आणि मद्य घेतलेले. आपल्याकडे यात आणखी एक मोठा गट येतो: तळपायाला मुंग्या येणारे किंवा बधिरता असलेले मधुमेही. कातडी जळतेय हे त्यांना कळतच नाही, आणि थंडीत ही जाणीव हाच एक धोक्याचा दिवा असतो. पोटातल्या महाधमनीला चीर पडल्याची आणि काही तास स्मृती गेल्याची एकेक नोंदही वैद्यकीय नियतकालिकांत आहे. दुर्मिळ, पण साठीच्या आसपासच्या माणसांनी लक्षात ठेवावी.

हिमदंशाचं मुख्य कारण मात्र साधंच असतं: ओलावा. धावपटू जस्टिन गॅटलिनच्या दोन्ही पायांना 2011 च्या जागतिक स्पर्धेआधी घामानं ओले झालेले मोजे घालून कक्षात गेल्यानं हिमदंश झाला होता. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत रिक्षातून उतरून थेट आत जाणाऱ्याचे पाय ओलसरच असतात. पोचल्यावर वीस मिनिटं पंख्याखाली बसा, बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा कोरड्या टॉवेलनं टिपून घ्या आणि सेंटरचे कोरडे जाड मोजे त्यानंतरच चढवा. घरून घालून आलेले मोजे आत नेऊ नका. आंघोळीनंतर किंवा धावून आल्यावर लगेच नाही. केस कोरडे, अंगाला लोशन-तेल नाही. धातूचं सगळं बाहेर: मंगळसूत्र, बांगड्या, कडं, पैंजण, आणि निघत नाहीत म्हणून राहून जातात ती जोडवी. ती निघतच नसतील तर सत्र घेऊ नका. सुती कोरडी अंतर्वस्त्रं, हातमोजे, लाकडी तळाचे सपाता; बंद कक्षात कान झाकणारी पट्टी आणि नाकातोंडावर कोरडा मास्कही.

पहिलं सत्र दीड-दोन मिनिटांचं पुरे. तीन मिनिटांची मर्यादा कोणीही आग्रह केला तरी ओलांडू नये. आत सावकाश पाय हलवत राहा, श्वास रोखू नका, कशाला टेकू नका. बोटांत टोचल्यासारखं वाटणं चालतं. एका जागी जळजळ होऊन ती अचानक थांबली, चक्कर आली, बोलताना अडखळलं, की लगेच बाहेर. बाहेर आल्यावर दहा मिनिटं चाला, पुन्हा दाब मोजा, गुडघ्यासाठी गेला असाल तर त्याच तासात व्यायाम करा: खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून अर्धी बैठक, पायरीवर चढउतार, प्रत्येकी दहाच्या तीन फेऱ्या. दहाचं पॅकेज एकदम घेऊ नका. तीन सत्रं आठवडाभरात घ्या, प्रत्येक वेळी दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या: आधी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळच्या आकड्यात दोन गुणांचाही फरक पडत नसेल तर थांबा. तेच पैसे चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जास्त कामाला येतील.

कातडी लाल होणं तासाभरात जातं. पांढरट, मेणचट, बधिर डाग राहिला किंवा दुसऱ्या दिवशी फोड आले तर तो हिमदंश आहे. चोळू नका, शेकोटी किंवा गरम पिशवी लावू नका, कारण बधिर जागा भाजलेली कळत नाही. 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात, म्हणजे कोपर बुडवून सुखद वाटेल इतपत पाण्यात, 20 ते 30 मिनिटं तो भाग ठेवा. फोड फोडू नका, बोटांमध्ये कोरडं निर्जंतुक कापड घाला आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे किती अंशांत, किती मिनिटं उभे होतात आणि यंत्र कुठलं होतं, हे सांगा.